डेटा पोहोचला, पण नाती पोहोचली का?

एका ग्रंथालयाचा डेटाबेस डोळ्यांसमोर आणा. त्यात तीन टेबलं आहेत: सभासद, पुस्तकं आणि देवघेव. सभासदांच्या टेबलात पाच ओळी आहेत आणि त्यांचे क्रमांक १, २, ४, ५ आणि ६. तीन नंबरचा सभासद केव्हाच सोडून गेला, त्याची ओळ पुसली गेली. देवघेवीच्या प्रत्येक ओळीत सभासद क्रमांकाचा कॉलम आहे. कोणतं पुस्तक कोणी नेलं, ते त्यावरून कळतं.

आता हा डेटा नव्या डेटाबेसमध्ये न्यायचाय. काम करणारा माणूस सभासदांची फाइल काढतो आणि क्रमांकाचा कॉलम वगळतो, कारण नवा डेटाबेस आपोआप क्रमांक देतोच. फाइल आत भरली जाते. पाच ओळी निघाल्या, पाच पोहोचल्या. त्यांना नवे क्रमांक मिळाले १, २, ३, ४, ५. मग देवघेवीची फाइल जशीच्या तशी भरली. सहा नंबरचा सभासद सापडत नाही, एवढी एकच तक्रार आली. जुनी खराब नोंद असेल म्हणून ती ओळ काढून टाकली आणि काम संपलं.

काय झालं ते बघा. जुना ४ आता ३ झालाय, जुना ५ आता ४, आणि जुना ६ आता ५. देवघेवीत मात्र जुनेच आकडे आहेत. म्हणजे चार नंबरने नेलेली पुस्तकं जुन्या पाच नंबरच्या नावावर चढली, पाच नंबरची सहा नंबरच्या नावावर. ज्याचा नवा क्रमांक ३ झाला त्याने आयुष्यात एकही पुस्तक नेलेलं नाही असं दिसतंय. आणि सहा नंबरची खरी नोंद आपण आपल्या हाताने पुसली.

या सगळ्यात एरर आली ती एकच, आणि तीही आपण गप्प केली. तुटलेल्या नात्याची तक्रार तरी येते. भलत्या माणसाशी जुळलेल्या नात्याची तक्रार डेटाबेस करत नाही, ती सभासद करतो, तीही सहा महिन्यांनी, जेव्हा जुना डेटाबेस कोणीतरी बंद करून टाकलेला असतो.

नातं म्हणजे दोन ठिकाणी लिहिलेला एकच आकडा

डेटाबेसच्या पोटात दोन टेबलांना बांधणारा दोरा वगैरे काही नसतो. सभासदांच्या टेबलात प्रत्येक ओळीला स्वतःचा, दुसऱ्या कोणालाही न मिळणारा क्रमांक असतो. ती प्रायमरी की. देवघेवीच्या टेबलात तोच क्रमांक पुन्हा लिहिलेला असतो. ती फॉरेन की. संपला विषय. ज्याच्याकडे बोट दाखवलं जातं ते पालक टेबल, बोट दाखवणारं ते मूल. आणि ज्या ओळीच्या पालकाचा पत्ताच नाही, ती पोरकी ओळ.

फॉरेन की रीतसर जाहीर केलेली असेल, तर डेटाबेस दारावर पहारा देतो. पण हा पहारेकरी एकच प्रश्न विचारतो: या क्रमांकाचा पालक आत आहे का? तो *खरा* पालक आहे का, हे त्याला कळायला मार्ग नाही. वरच्या गोष्टीत चार नंबरचा कोणीतरी आत होता, एवढ्यावर त्याचं समाधान झालं. म्हणून 'फॉरेन की लागली, एरर आली नाही' हा नाती सुखरूप असल्याचा पुरावा नव्हे, हे आधीच मनात पक्कं केलेलं बरं.

जाता जाता एक गंमत. रिलेशनल डेटाबेस हे नाव टेबलांमधल्या नात्यांवरून पडलं असं बहुतेकांना वाटतं. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली ही कल्पना मांडली, तेव्हा त्यांनी 'रिलेशन' हा शब्द गणितातून घेतला होता, आणि त्याचा अर्थ साधारणपणे खुद्द टेबल असाच होता. टेबलाटेबलांमधल्या नात्यांशी त्या नावाचा संबंध नाही.

जुने क्रमांक ठेवता आले तर ठेवाच

नवा डेटाबेस रिकामा असेल आणि एकाच ठिकाणाहून डेटा येत असेल, तर जुने क्रमांक जसेच्या तसे नेणं हा सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग. आपोआप क्रमांक देणाऱ्या कॉलममध्ये हाताने क्रमांक घालायची सोय सगळीकडे असते, फक्त प्रत्येक डेटाबेस सॉफ्टवेअरची तऱ्हा वेगळी. मायएसक्यूएलमध्ये क्रमांक सरळ दिला तर तो घेतला जातो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये आधी 'आयडेंटिटी इन्सर्ट' चालू करावं लागतं, आणि ते एका सेशनमध्ये (डेटाबेसशी केलेल्या एका जोडणीत) एका वेळी एकाच टेबलासाठी चालू राहतं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम कसा जाहीर केलाय त्यावर ठरतं. 'जनरेटेड ऑलवेज' असेल तर तुमचा क्रमांक वापरायला इन्सर्टमध्ये, म्हणजे ओळ घालण्याच्या हुकमात, तसं स्पष्ट सांगावं लागतं.

मायएसक्यूएलमध्ये शून्याची एक खोडी आहे. काही जुन्या सिस्टिममध्ये 'अज्ञात सभासद' अशी एक ओळ शून्य क्रमांकाने ठेवलेली असते. ऑटो इन्क्रिमेंटच्या, म्हणजे आपोआप क्रमांक देणाऱ्या, कॉलममध्ये शून्य घातलं की मायएसक्यूएल त्याचा अर्थ 'पुढचा क्रमांक दे' असा घेतो. अज्ञात सभासदाला नवाच नंबर मिळतो आणि त्याची मुलं शून्याकडे बघत बसतात. ही सवय तात्पुरती बंद करणारा एक एसक्यूएल मोड, म्हणजे सेटिंग, आहे, आणि मायएसक्यूएलची डंप फाइल, म्हणजे अख्ख्या डेटाबेसची काढलेली नक्कल, तो स्वतःच लावते. आपण स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट तो लावत नाही.

क्रमांक नेल्यावर एक काम हमखास राहून जातं. पोस्टग्रेसमध्ये पुढचा क्रमांक देणारं यंत्र, म्हणजे सीक्वेन्स, टेबलापासून वेगळं असतं. तुम्ही हाताने १, २, ४, ५, ६ घातलेत हे त्याच्या गावीही नसतं. मायग्रेशननंतर, म्हणजे डेटा हलवून झाल्यावर, काउंटरवरचा कर्मचारी पहिला नवा सभासद नोंदवायला जातो. सीक्वेन्स म्हणतो १. एरर येते: हा क्रमांक आधीच आहे. तो पुन्हा बटण दाबतो. फसलेल्या प्रयत्नातही सीक्वेन्स एक पाऊल पुढे गेलेला असतो, मागे येत नाही. आता २, पुन्हा एरर. तिसऱ्यांदा ३, आणि नोंद होते! कर्मचारी खूश. पुढच्या सभासदाला परत तीनदा एरर, मग चौथ्या वेळी सातवर गाडी सुरळीत, आणि दुपारपर्यंत सगळे म्हणतात की सकाळी काहीतरी नेटवर्कचा घोळ होता.

घोळ नेटवर्कचा नव्हता. तीन नंबर हा सोडून गेलेल्या माणसाचा होता. त्याच्या देवघेवीच्या पोरक्या ओळी टेबलात पडून असतील, तर त्या आता या नव्या सभासदाला वारसाहक्काने मिळाल्या. डेटा भरून झाला की प्रत्येक टेबलातला सगळ्यात मोठा क्रमांक बघून सीक्वेन्स त्याच्या पुढे ढकलायचा. एका टेबलामागे एका ओळीचं काम आहे. मायएसक्यूएलचं इनोडीबी, म्हणजे ओळी साठवणारं त्याचं नेहमीचं इंजिन, हे आपोआप करतं, म्हणून तिकडून पोस्टग्रेसकडे येणारे लोक इथे हमखास ठेचकाळतात.

क्रमांक बदलणारच असतील, तर आधी नकाशा

कधीकधी जुने क्रमांक ठेवताच येत नाहीत. दोन ग्रंथालयं एक होतायत आणि दोघांकडेही १ ते ५०० क्रमांकाचे सभासद आहेत. किंवा नव्या सिस्टिममध्ये साधे आकडे जाऊन १२८ बिटांची यूयूआयडी, म्हणजे दुसऱ्या कोणाशी न जुळणारी लांबलचक ओळख, आलीय.

अशा वेळी एक साधं टेबल बनवायचं. कॉलम चार: कोणत्या सिस्टिममधून, कोणतं टेबल, जुना क्रमांक, नवा क्रमांक. आम्ही त्याला नकाशा म्हणतो. सभासद आत घालताना प्रत्येकाच्या जुन्या-नव्या क्रमांकाची जोडी तिथे लिहायची. मग देवघेवीची ओळ आत घालताना तिच्यातला जुना सभासद क्रमांक नकाशात शोधायचा आणि समोर सापडेल तो नवा क्रमांक लिहायचा. फाइलमधल्या ओळींचा क्रम तोच राहील या भरवशावर जोड्या लावायच्या नाहीत. ऑर्डर बाय, म्हणजे ओळींचा क्रम ठरवणारी सूचना, दिलेली नसेल, तर डेटाबेस ओळी कुठल्याही क्रमाने देऊ शकतो, आणि लहान टेबलावर चाचणी घेताना हे कधीच दिसत नाही.

मेख या शोधण्याच्या पद्धतीत आहे. नकाशाशी इनर जॉइन लावून, म्हणजे दोन्हीकडे जुळणाऱ्याच ओळी घेऊन, देवघेव भरली, तर ज्या ओळीचा जोडीदार नकाशात नाही ती ओळ निकालातच येत नाही. एरर नाही, इशारा नाही, ओळ नुसती नाहीशी. लेफ्ट जॉइन लावा, तो देवघेवीची प्रत्येक ओळ राखतो. मग न सापडलेल्यांच्या नव्या क्रमांकाच्या जागी नल, म्हणजे रिकामा रकाना, दिसतो आणि किती जण राहिले ते मोजता येतं. मला मायग्रेशनची एखादी स्क्रिप्ट तपासायला दिली, तर मी पहिल्यांदा हेच शोधतो.

दोन डेटाबेस एकत्र करताना नकाशाहूनही स्वस्त एक युक्ती आहे. दुसऱ्या डेटाबेसमधल्या सगळ्या क्रमांकांत एकच मोठा आकडा मिळवायचा, समजा १०,००,०००. सभासद ४ झाला १०,००,००४, आणि देवघेवीतला सभासद क्रमांकही तसाच. दोन्हीकडे सारखीच बेरीज झाली की नातं टिकतं. दिसायला गावठी, पण नंतर कोणतीही ओळ कुठून आली ते नुसत्या आकड्यावरून ओळखता येतं. अट एकच: त्या टेबलाकडे बोट दाखवणारा एकही कॉलम विसरता कामा नये.

एकत्र करताना एकच माणूस दोन्हीकडे सभासद असल्याचं लक्षात येतं. मग दोन जुन्या क्रमांकांसमोर एकच नवा क्रमांक. देवघेवीला याचा त्रास नाही. त्रास होतो तो मधल्या जोड-टेबलांना. 'कोणता सभासद कोणत्या वाचकगटात' असं टेबल असेल आणि त्याची की सभासद अधिक गट अशी जोडीची असेल, तर त्या माणसाच्या दोन ओळी आता हुबेहूब सारख्या होतात आणि इम्पोर्ट अडतो. इथे कोणती ओळ ठेवायची हे स्क्रिप्टवर सोडू नका. दोन्हीकडे दाखल झाल्याच्या तारखा वेगळ्या असतील, तर कोणती खरी हे ग्रंथपालच सांगू शकतो.

आधी पालक, मग मुलं

क्रमाचा नियम सोपा आहे: सभासद आणि पुस्तकं आधी, देवघेव नंतर. टेबलं साठ-सत्तर असली की हा क्रम डोक्यात मांडता येत नाही. मग डेटाबेसच्या स्वतःच्या यादीतून फॉरेन की काढायच्या. ज्यांना पालकच नाही ती टेबलं पहिली, ती बाजूला केल्यावर ज्यांना पालक उरला नाही ती दुसरी, असं करत जायचं.

घोडं अडतं ते चक्रावर. प्रत्येक शाखेला एक प्रमुख कर्मचारी आहे आणि प्रत्येक कर्मचारी कोणत्यातरी शाखेचा आहे. आधी कोण? साधा उपाय असा की शाखा आधी भराव्यात आणि प्रमुखाचा रकाना नल ठेवावा, मग कर्मचारी भरावेत, आणि शेवटी परत जाऊन प्रमुख लिहावेत. पोस्टग्रेसमध्ये फॉरेन की 'डिफरेबल' म्हणून जाहीर केलेली असेल, तर तपासणी ट्रान्झॅक्शनच्या, म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या हुकमांच्या गठ्ठ्याच्या, शेवटापर्यंत पुढे ढकलता येते आणि ही कसरत वाचते. स्वतःकडेच बोट दाखवणाऱ्या टेबलांनाही, म्हणजे कर्मचाऱ्याचा वरिष्ठ हाही कर्मचारीच, हेच उपाय लागू पडतात.

तिसरा मार्ग सगळ्यांचा आवडता: पहाराच उठवायचा, सगळं भरायचं, मग पहारा परत बसवायचा. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीची तपासणी एका सेटिंगने बंद होते, आणि त्याची डंप फाइल तर हे आपणहून करते. वेग येतो, क्रमाची चिंता नाही. पण सेटिंग परत चालू केल्यावर मायएसक्यूएल आधी आत आलेल्या ओळी तपासत नाही. पहारेकरी दारावर परत येतो आणि फक्त नव्याने येणाऱ्यांना हटकतो; तो नसताना आत शिरलेले आतच राहतात. पुढे कधीतरी त्या पोरक्या ओळींपैकी एकीचा क्रमांक बदलायला जाल, तेव्हा कुठे तो डोळे वटारेल.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये हाच प्रकार जरा मजेशीर दिसतो. तिथे बंद केलेली अट नुसती चालू केली, तर जुन्या ओळी न तपासताच चालू होते, आणि डेटाबेस स्वतःच्या नोंदवहीत तिला 'अविश्वासू' असा शिक्का मारून ठेवतो. तपासून चालू करायची असेल, तर हुकमात 'चेक' हा शब्द लागोपाठ दोनदा येतो, 'विथ चेक चेक'. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती टायपिंगची चूक वाटते, आणि मी एकाला त्यातला एक 'चेक' नीटनेटकेपणासाठी खोडताना पाहिलंय.

त्यामुळे माझी पसंती फॉरेन की आधी न लावण्याला आहे. टेबलं बनवा, डेटा भरा, आणि मग फॉरेन की लावा. लावताना डेटाबेस सगळ्या ओळी तपासतो आणि एक जरी पोरकी असली तरी नकार देतो. पोस्टग्रेसची डंप फाइल याच क्रमाने लिहिलेली असते. टेबल फार मोठं असेल, तर पोस्टग्रेसमध्ये अट आधी 'नॉट व्हॅलिड' म्हणून, म्हणजे जुन्या ओळी न तपासता, लावून नंतर सवडीने 'व्हॅलिडेट' करता येते. फक्त ती सवड खरंच काढावी लागते.

आकडा तोच, तरी नातं तुटतं

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे कोणीही चूक केलेली नसते.

समजा सभासद क्रमांक हा आकडा नसून 'एबी१२' सारखा रोमन लिपीतला कोड आहे. सभासदांच्या टेबलात तो मोठ्या लिपीत, देवघेवीत कोणीतरी लहान लिपीत लिहिलेला. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला, म्हणजे अक्षरांची तुलना करायच्या नियमाला, दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून फॉरेन कीनेही ते वर्षानुवर्षं चालवून घेतलं. पोस्टग्रेसला मात्र ती दोन वेगळी नावं आहेत. डेटा अक्षरही न बदलता पोहोचला आणि नातं तरी तुटलं. शेवटी चिकटलेल्या मोकळ्या जागेचंही तेच. मायएसक्यूएलच्या जुन्या कोलेशन तुलना करताना ती मोजत नाहीत, दुसरीकडे ती मोजली जाते. म्हणून हलवण्याआधीच, जुन्या घरातच, सगळे कोड एका साच्यात आणून घ्यावेत.

डेटा मध्ये एखाद्या स्प्रेडशीटमधून गेला तर विचारूच नका. '००४१७' चा '४१७' होतो. एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंकच खरे ठेवतं आणि पुढच्या अंकांची शून्यं करतं, त्यामुळे १६ अंकी कार्ड क्रमांकांच्या शेवटच्या अंकाची वाट लागते आणि दोन वेगळे क्रमांक चक्क एक होऊ शकतात. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतून जाणाऱ्या जेसन फाइलींनाही (डेटा मजकूर म्हणून पाठवायचा एक साचा) असाच एक उंबरठा आहे, ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१. त्यापुढचे पूर्णांक अचूक राहतीलच असं नाही. क्रमांकावर बेरीज-वजाबाकी करायची नसते, तेव्हा प्रवासात तो मजकूर म्हणूनच नेलेला बरा.

कॉलमचा आकारही बघा. मायएसक्यूएलचा अनसाइन्ड इंट, म्हणजे ऋण आकडे न घेणारा पूर्णांक, ४,२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो, पोस्टग्रेसचा साधा इंटिजर २,१४,७४,८३,६४७ ला थांबतो. तिथे बिगइंट, म्हणजे मोठा पूर्णांक, घ्यायचा, आणि पालक बदलला तर त्याच्या सगळ्या मुलांतही बदलायचा.

जी नाती कागदावर नाहीत

आतापर्यंतची नाती निदान जाहीर तरी होती. जुन्या डेटाबेसमध्ये अर्धी नाती फक्त प्रोग्रामरच्या डोक्यात असतात. मायएसक्यूएलचं जुनं मायआयएसएएम इंजिन तर फॉरेन कीचा हुकूम निमूटपणे ऐकून घ्यायचं आणि काहीच करायचं नाही. एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये फॉरेन की लिहिता येतात, पण प्रत्येक कनेक्शनवर मुद्दाम चालू केल्याशिवाय एरवी त्या पाळल्या जात नाहीत. म्हणजे कागदावर नातं आहे आणि आत पोरक्यांचा बाजार, असंही सापडतं.

मग एका कॉलममध्ये स्वल्पविराम देऊन '४,७,१२' असे लिहिलेले क्रमांक. जेसनच्या पोटात दडलेले क्रमांक. 'कशाचा प्रकार' आणि 'त्याचा क्रमांक' अशी कॉलमची जोडी, जिथे एकच आकडा प्रकार बघून कधी पुस्तकाकडे, तर कधी सभासदाकडे बोट दाखवतो. याला फॉरेन की लावताच येत नाही. आणि डेटाबेसच्या बाहेरची नाती: सभासदाचा फोटो ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव '४', छापलेल्या बारकोडमध्ये ४, लोकांनी जतन केलेल्या लिंकमध्ये ४. डेटाबेसमधला क्रमांक बदलला की हे सगळं मागे राहतं.

ही नाती शोधायचं कोणतंही जादूचं साधन नाही. कॉलमांची नावं वाचा, जुन्या प्रोग्राममधले जॉइन वाचा, आणि ती सिस्टिम रोज वापरणाऱ्या माणसाशेजारी एक दुपार बसा. तिसऱ्यातून सगळ्यात जास्त हाती लागतं, असा माझा अनुभव.

नात्यासोबत त्याचे नियमही न्यायचे

सभासद पुसला तर त्याच्या देवघेवीचं काय? नकार द्यायचा, रकाना नल करायचा, की त्याही पुसायच्या? हा नियम फॉरेन कीसोबत लिहिलेला असतो आणि डेटा हलवताना बऱ्याचदा विसरला जातो. 'ऑन डिलीट कॅस्केड', म्हणजे पालकासोबत मुलंही पुसायचा नियम, असलेल्या ठिकाणी मायएसक्यूएलचा रिप्लेस हा हुकूम वापरणं तर फार महाग पडतं. नावावरून वाटतं की ओळ बदलली जाईल. प्रत्यक्षात जुनी ओळ पुसून नवी घातली जाते, आणि पुसली जाताना कॅस्केड चालतो. सभासदाचा फोन नंबर दुरुस्त करायला जावं आणि त्याची सगळी देवघेव उडावी.

इंडेक्सही, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूचीही, बघा. इनोडीबी फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स नसेल तर तो आपोआप बनवतं. पोस्टग्रेस बनवत नाही. नाती शाबूत असतात, पण एक सभासद पुसायला देवघेवीचं अख्खं टेबल चाळलं जातं.

आणि हे सगळं चालू सिस्टिमवर होत असेल, तर वेळेचं भान ठेवा. दहा वाजता सभासद वाचले, वीस मिनिटांनी देवघेव वाचली, आणि मधल्या वेळात एक नवा सभासद येऊन पुस्तक घेऊन गेला. त्याची देवघेव आली, तो आलाच नाही. सगळी टेबलं एकाच क्षणाच्या चित्रातून वाचायला हवीत. पोस्टग्रेसचं डंप साधन तसंच वाचतं. मायएसक्यूएलच्या साधनाला त्यासाठी 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय द्यावा लागतो, आणि तो इनोडीबीच्या टेबलांपुरताच कामाचा.

मोजदाद

दोन्हीकडे ओळींची संख्या सारखी आली की बहुतेक जण हात झटकतात. सुरुवातीच्या गोष्टीत सभासद पाचाचे पाचच होते हे आठवा.

पहिली तपासणी पोरक्यांची: मुलांच्या टेबलाला पालक लेफ्ट जॉइन करायचा आणि पालक नल आलेल्या ओळी मोजायच्या. हे नॉट इनने, म्हणजे 'या यादीत नसलेले' अशा अटीने, लिहू नका. आतल्या यादीत एक जरी नल असला, तर नॉट इनला एकही ओळ सापडत नाही, आणि आपल्याला वाटतं की सगळं स्वच्छ आहे.

दुसरी तपासणी महत्त्वाची, कारण भलत्याशी जुळलेलं नातं तिच्यातच पकडलं जातं. क्रमांक पूर्णपणे बाजूला ठेवा. सभासदाची क्रमांकाव्यतिरिक्त जी ओळख असेल ती घ्या, समजा ईमेल. जुन्या डेटाबेसमध्ये प्रत्येक ईमेलसमोर किती देवघेवी, पहिली कधीची, शेवटची कधीची, दंडाची बेरीज किती, अशी यादी काढा. तीच यादी नव्या डेटाबेसमधून काढा. दोन्ही समोरासमोर ठेवा. क्रमांक एकाने जरी सरकले असतील, तरी या याद्या लगेच बोंब ठोकतात.

तिसरी डोळ्यांनी. दहा-बारा सभासद निवडून त्यांची पानं जुन्या आणि नव्या सिस्टिममध्ये शेजारी उघडा. सरळसाधे निवडू नका. सगळ्यात जुना, सगळ्यात जास्त पुस्तकं नेणारा, एकही न नेलेला, दोन ओळींतून एक झालेला, नावात चमत्कारिक चिन्ह असलेला, आणि पुसलेल्या क्रमांकाच्या लगेच पुढचा.

या तपासण्यांत जुन्या डेटाबेसमध्येच असलेले पोरके सापडतील. सापडतातच. ते मायग्रेशनने निर्माण केलेले नसतात, पण सापडतात तुमच्या हातात, त्यामुळे आरोपी तुम्हीच. म्हणून ही मोजणी काम सुरू करण्याआधी जुन्या डेटाबेसवर करून तारखेसह लिहून ठेवावी. सापडलेल्या पोरक्या ओळी पुसू नयेत. एक तर 'अज्ञात सभासद' अशी एक खरीखुरी ओळ बनवून त्यांना तिच्याखाली न्यावं आणि जुना क्रमांक शेजारच्या कॉलममध्ये राहू द्यावा, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं टेबल करावं. कोणता मार्ग घ्यायचा हे त्यांत पैशांचा हिशोब आहे की नुसता इतिहास, यावर ठरतं.

आणि तो नकाशा. मायग्रेशन संपलं की कोणीतरी साफसफाईच्या उत्साहात तो ड्रॉप करायला निघतो. करू देऊ नका. बारा महिन्यांनी एखादा सभासद जुनी पावती घेऊन येतो, तिच्यावर जुना क्रमांक असतो, आणि तो माणूस आता कोणत्या क्रमांकाने ओळखला जातो याचं उत्तर फक्त त्या चार कॉलमच्या टेबलात असतं.